विंचवाची गोष्ट : परिसंवादापासून वाडीपर्यंत



पोफळी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी विजेच्या संदर्भात ऐकले असेल. चिपळूण तालुक्यातले, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे हे गाव. वर घाटमाथ्यावर कोयनेचे पाणी शिवसागर जलाशयात अडवले आहे. ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून खाली येते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली चक्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठीला जाऊन मिळते. १९६२ पासून इथे वीज तयार होते आहे. माझे वडील त्या वीजगृहाच्या कामावर होते. त्यामुळे माझे लहानपण तिथल्या वसाहतीतच गेले.

आम्ही मुले डोक्यावरून जाणाऱ्या जाड तारांकडे बघत शाळेत जात असू. एकदा मी वडिलांना विचारले, "बाबा, एवढी वीज वरून जाते, मग पलीकडच्या वाडीत अंधार कसा? सरळ या तारेलाच दिवा का लावत नाहीत?" वडील हसले. म्हणाले, "अरे, या तारेची वीज घरात घेतलीस तर दिवा नाही लागायचा, घरच लागेल! हिला आधी उतरवून घ्यावी लागते. उपकेंद्रात उतरवायची, मग गावच्या डीपीत उतरवायची, तेव्हा कुठे ती घरात घ्यायच्या लायकीची होते."

आज मी तुमच्याशी विजेबद्दल बोलणार नाही. बोलायचे आहे ते ज्ञानाबद्दल, आणि तेही आपल्या आरोग्याच्या ज्ञानाबद्दल. पण वडिलांचे ते वाक्य ध्यानात असू द्या, कारण ज्ञानाचेही थेट तसेच आहे.

विद्यापीठांतून परिसंवाद होतात, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचता. परिसंवाद म्हणजे एखाद्या विषयाचे जाणकार दोन-तीन दिवस एकत्र बसतात, आपापले निबंध वाचतात आणि एकमेकांना प्रश्न विचारतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ही सारी चहापाण्याची आणि हारतुऱ्यांची हौस. थोडीशी असतेही! पण परिसंवादाचा खरा उपयोग वेगळा आहे. एका माणसाला एका ठिकाणी जे आढळले, ते दुसऱ्या ठिकाणीही खरे ठरते का, त्याने काही चुकीचे तर मोजले नाही ना, हे तिथे तपासले जाते. सोनार जसे सोने कसोटीवर घासून पाहतो, तसे परिसंवादात म्हणणे घासून पाहतात. रोगराईच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे, कारण चुकीच्या समजुतीची किंमत तिथे माणसाच्या जिवाने मोजावी लागते.

गेल्या वर्षी अशाच एका परिसंवादाला मी गेलो होतो. विषय होता सार्वजनिक आरोग्य. मी अर्थशास्त्राचा माणूस, डॉक्टर नव्हे; खेड्यातल्या कुटुंबाचा आजारपणापायी किती पैसा जातो, एवढ्यापुरते मला बोलायचे होते. दुसऱ्या दिवशी एका वक्त्यांनी पडद्यावर जगाचा नकाशा दाखवला. मेक्सिको, ब्राझील, ट्युनिशिया, सौदी अरबस्तान असे देश त्यावर रंगवलेले होते. विंचवाच्या दंशाने माणसे दगावतात असे हे मुलूख. आणि आपल्या देशावर बोट ठेवून ते म्हणाले, "या रोगावरच्या उपचाराचे एक महत्त्वाचे काम इथे झाले, महाड नावाच्या एका तालुक्याच्या गावी."

महाड! माझ्या पोफळीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. मी सावरून बसलो. पुढे त्यांनी जे सांगितले ते ऐकताना मला माझ्याच बाकावर बसणारा एक मुलगा आठवत होता. त्याची गोष्ट मी पुढे सांगतो. आधी महाडची गोष्ट ऐका.

डॉ. हिम्मतराव बावसकर यांचा जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा. गरिबीतून शिकून ते डॉक्टर झाले आणि १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसे येऊ लागली. आपल्या कोकणातला तो लहानसा तांबडा विंचू. दिसायला मोठ्या काळ्या विंचवापेक्षा कितीतरी लहान. पण विषाने त्याच्याहून जहाल. गंभीर अवस्थेत आलेल्या रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. पुस्तकांत जे उपचार दिलेले होते त्यांनी गुण येत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, विंचवाने माणूस मरतो? आम्ही तर चावलेले किती बघितले, रात्रभर ओरडतात आणि सकाळी कामाला जातात. खरे आहे. बहुतेक दंशांत वेदना फार होते आणि ती आपोआप ओसरते. विंचू उतरवणाऱ्याला यश मिळते ते यामुळेच. जे आपोआप उतरणारच होते, ते त्याच्या मंत्राने उतरले असे वाटते. पण काही रोग्यांत, आणि त्यातही लहान मुलांत, विष सर्व शरीरात भिनते. तिथे मंत्र चालत नाही, आणि दुर्दैव असे की तिथेच वेळ सर्वांत मोलाची असते.

बावसकरांनी काय केले? ते रोग्याच्या उशाशी बसून राहिले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा फुटला, उलटी केव्हा झाली, हातपाय गार केव्हा पडले, हे सारे तासातासाने लिहून ठेवले. त्या नोंदींतून एक चित्र दिसू लागले. मी ते माझ्या भाषेत सांगतो.

आपण अचानक घाबरलो की छाती धडधडते आणि दरदरून घाम फुटतो. शरीरच त्या वेळी काही रसायने रक्तात सोडते. विंचवाचे विष मज्जातंतूंना असे काही चेतवते की या रसायनांचा लोंढाच रक्तात उतरतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आता शेतावरच्या पंपाची कल्पना करा. पंप चालू आहे आणि कोणी पाइपाचे तोंड चिमटून धरले. काय होईल? पंपावर ताण येईल. इथे पंप म्हणजे हृदय. आधी रक्तदाब चढतो, मग हृदय थकते, आणि मग फुप्फुसांत पाणी साठू लागते. रोग्याला धाप लागते, खोकला येतो, तोंडावाटे फेस येतो. मृत्यू होतो तो असा.

हे कळल्यावर उपाय कोणत्या दिशेला शोधायचा तेही कळले. पाइपाचा चिमटा सोडवायला हवा. रक्तदाबाच्या विकारासाठी वापरली जाणारी एक गोळी होती, प्राझोसीन नावाची. ती नेमके हेच करते, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. किमतीने स्वस्त, द्यायला सोपी, खेड्यातल्या दवाखान्यातही ठेवता येईल अशी. बावसकरांनी ती वापरली. त्यांच्या नोंदींप्रमाणे दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले.

पण ही गोष्ट त्यांनी आपल्या वहीत ठेवली नाही. लंडनहून निघणारे 'लॅन्सेट' हे वैद्यकाचे साप्ताहिक १८२३ पासून चालू आहे. जगभरचे डॉक्टर ते वाचतात. त्यात १९८२ साली त्यांनी धोक्याच्या आगाऊ लक्षणांबद्दल लिहिले आणि १९८६ साली प्राझोसीनबद्दल. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेने विंचवाचे प्रतिविष तयार केले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी त्याचीही कसोटी लावली. सत्तर रोगी घेतले. निम्म्यांना नुसते प्राझोसीन दिले, निम्म्यांना प्राझोसीन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनंतर पाहिले, तर दोन्ही दिलेल्या पस्तीसपैकी बत्तीस पूर्ण बरे झाले होते. नुसत्या प्राझोसीनवाल्या पस्तीसपैकी आठ. हे २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. २०२२ साली भारत सरकारने डॉ. हिम्मतरावांना पद्मश्री दिली.

ही झाली ज्ञान गावातून जगाकडे गेल्याची गोष्ट. आता माझ्या बाकावरच्या मुलाची.

साल १९८९. आम्ही दोघेही नऊ वर्षांचे. तो वसाहतीतला नव्हे, वरच्या वाडीतला. उन्हाळ्याचे दिवस. संध्याकाळी आईने चुलीसाठी लाकडे आणायला सांगितली; त्याने पडवीतल्या राशीत हात घातला. विंचू चावला. पोरगा खूप ओरडला. गावातल्या जाणत्याला बोलावले, त्याने पाला चोळला, मंत्र टाकला. थोड्या वेळाने ओरडणे कमी झाले. सगळे म्हणाले, "उतरला." त्याला जरा निजवले. मग त्याला उलटी झाली. घरच्यांना वाटले, रडून रडून झाली असेल. अंग घामाने भिजले. त्यांना वाटले, उकाडा आहे. हात गार लागले, तर आजीने गोधडी घातली. मध्यरात्रीनंतर धाप लागली तेव्हा जीप शोधली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना जे शिकवले गेले होते ते सर्व केले. उजाडायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी कोणी नव्हते.

श्रोतेहो, त्या घरातल्या कोणाचीही माया कमी पडली नाही. उलटी, घाम, गार हात, सगळे काही त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी पाहिलेले एकेक लक्षण सात वर्षांपूर्वी लंडनच्या साप्ताहिकात धोक्याचे म्हणून छापले गेले होते. त्यावरची गोळी कोणती, हेही छापून तीन वर्षे झाली होती. आणि हे सारे शोधले गेले होते शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आपल्याच मुलुखात, आपल्याच लोकांची नाडी पाहून. महाडची गोष्ट लंडनला पोचली होती, पोफळीला पोचली नव्हती.

हे दोष देण्यासाठी मी सांगत नाही. शोधणाऱ्याने आपले काम चोख केले होते. त्यांनी पुढे खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांपुढे व्याख्यानेही दिली. अडचण वेगळी आहे. वीज वरच्या तारेतून गेली, खाली डीपीच नव्हता. परिसंवादाची भाषा इंग्रजी, शब्द जड, ऐकणारे सगळे त्याच धंद्यातले. ते तसेच असायला हवे, कारण घासून पाहायचे तर दोघेही जाणकार लागतात. पण तिथे सिद्ध झालेली गोष्ट वाडीतल्या आजीला कळेल अशी उतरवून घेणारे कोणी तरी मध्ये हवे. ते नसेल तर ज्ञान डोक्यावरून जाते, अगदी शब्दशः.

ही उतरवणी झाली की काय होते, याची दोन उदाहरणे देतो.

पहिले १९७१ सालचे. बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते रोग्यांना प्यायला देण्यास सुरुवात केली. देणार कोण? रोग्याचे नातेवाईकच. ही पद्धत प्रयोगशाळेत आधीच ठाऊक होती; पण ती अडाणी माणसाच्या हाती देता येईल यावर पुष्कळ विद्वानांचा विश्वास नव्हता. त्या छावणीत दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्याही खाली आले. महालनबीसांचा निबंध छापून आला १९७३ साली. पण त्याच्या आधीच ते पाणी कसे करायचे याची माहिती बांगलादेशच्या एका गुप्त नभोवाणी केंद्रावरून सांगितली गेली होती. म्हणजे पाहा, विद्वानांच्या आधी ती रेडिओ ऐकणाऱ्या आईला कळली! नभोवाणीसाठी बोलताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले, गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुदोष झाला हे कसे ओळखायचे. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू शेकडा बासष्टने कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये आले. जगभर चर्चा झाली आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन बाळ तपासण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. तुमच्या वाडीतली आशाताई बाळंतिणीच्या घरी येते, तेव्हा ती गडचिरोलीतून निघून लंडनमार्गे परत आलेले ज्ञान घेऊन येत असते, हे तिलाही कदाचित ठाऊक नसेल.

या दोन्ही ठिकाणी शोध जितका महत्त्वाचा, तितकाच तो सोप्या शब्दांत घरापर्यंत नेणारा माणूस महत्त्वाचा ठरला. आणि म्हणूनच मी आज विशेषेकरून शिक्षक बंधुभगिनींशी बोलतो आहे. गावचा डीपी कोण, असे मला विचाराल तर मी म्हणेन, शाळामास्तर आणि शाळेतल्या बाई. तुम्हाला पुस्तकी भाषा कळते आणि वाडीची भाषा येते. पोरांच्या तोंडून तुमचा शब्द घराघरांत जातो.

मग करायचे काय? दर महिन्याला एका शनिवारी शाळा सुटताना पंधरा मिनिटे काढा. आशाताईला, शक्य असेल तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाही बोलवा. एकच विषय, चार वाक्ये. हा आपल्या गावचा परिसंवाद. विंचवाचा विषय घेतलात तर ती वाक्ये अशी असू शकतील.

पहिले : लाकडाच्या राशीत, चिऱ्यांच्या ढिगात, पेंढ्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून बघावे, अंथरूण, कपडे आणि पायताण झटकून घ्यावे, रात्री बाहेर पडताना विजेरी न्यावी.

दुसरे : विंचू चावल्यावर घड्याळ पाहावे आणि वेळ लक्षात ठेवावी; बांधू नये, कापू नये, चोखू नये.

तिसरे : उलटी, दरदरून घाम, गार हातपाय, धडधड, धाप यांपैकी काहीही दिसले तर तो धोका समजावा; आणि दुखणे थांबले म्हणजे विष उतरलेच असे कधीही धरू नये.

चौथे : लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे, वाहन नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करावा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. गोळीचे नाव मी घेतले म्हणून कोणी ती दुकानातून आणून घरी देऊ नये. ती रक्तदाब उतरवते. किती द्यायची आणि रोग्याला कसे निजवून ठेवायचे हे डॉक्टरच ठरवणार. आपण करायचे ते वेगळेच. गोळी आणि प्रतिविष आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात आहेत ना, हे उन्हाळ्याआधीच्या ग्रामसभेत विचारून ठेवायचे. विचारायला गेल्यावर कोणी रागावत नाही. रागावले तरी विचारावे.

आणि आणखी एक काम. शाळेत एक वही ठेवा. गावात कोणाला विंचू चावला, साप चावला, ताप आला, तर तारीख, वेळ, जागा, काय काय झाले आणि दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, एवढे लिहा. माणसाचे नाव लिहिण्याची गरज नाही. तुम्ही म्हणाल, आमच्या वहीला कोण विचारतो? बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातल्या नोंदींनाही सुरुवातीला कोणी विचारत नव्हते. वरच्या तारेत जी वीज वाहते ती कुठे तरी खाली, पाण्याच्या एका धारेतूनच तयार होते. परिसंवादातले ज्ञान आकाशातून पडत नाही. ते तुमच्या-आमच्या वाडीतल्या दुखण्यातूनच वर जाते. ते परत मागण्याचा आपला हक्क आहे, आणि परत आणण्याचे कामही आपलेच आहे.

त्या परिसंवादाच्या शेवटी अध्यक्षांनी विचारले, कोणाला काही म्हणायचे आहे का? मी उठलो आणि म्हणालो, "हे सगळे मराठीत एका पानावर लिहून द्याल का? मला ते माझ्या गावच्या शाळेत लावायचे आहे." वक्त्यांनी तिथल्या तिथे कागद मागवला. मराठी लिहिण्याची सवय सुटली होती, म्हणून दोघांनी मिळून ते लिहिले. आज तो कागद पोफळीच्या वरच्या वाडीतल्या शाळेत, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर, भिंतीला चिकटवलेला आहे.

तुमच्या शाळेची भिंतही मोकळी असेलच.